आपल्याच माणसाची बातमी

गेली अकरा वर्षे मी आमच्या समाजाचे मासिक संपादित करतो. मानधन नाही, कार्यालय म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या समाजभवनाची एक खोली आणि अंक चोवीस पानांचा. मुखपृष्ठावर कुणाचा तरी सत्कार, आत अध्यक्षांचे मनोगत, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, मधली आठ पाने वधू-वर परिचयाची, शेवटी निधनवार्ता आणि उरलेल्या जागेत शुभेच्छांच्या जाहिराती, असा साचा माझ्या आधीच्या संपादकांनी घालून दिला आणि मीही तो मोडला नाही. आमचा समाज कोणता हे येथे मुद्दामच सांगत नाही, कारण इतवारीपासून मानेवाड्यापर्यंत ज्या ज्या समाजाचे मासिक निघते, त्याच्या संपादकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आपल्या समाजातल्या माणसावर गुन्हा दाखल झाला, तर ती बातमी आपण छापायची की नाही, आणि छापायची तर कशी?

आमच्या साच्यात गुन्ह्याला जागाच नव्हती. समाजातला मुलगा स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाला की तो ‘आपल्या समाजाचा भूषण’ असे, आणि तोच पुढे लाच घेताना सापडला की तो केवळ एक सरकारी अधिकारी उरे, ज्याची बातमी देणे हे दैनिकांचे काम. ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की तिला आम्ही सोय न म्हणता परंपरा म्हणत होतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ही सोय मोडली. समाजातल्याच मंडळींनी उभ्या केलेल्या एका पतसंस्थेच्या माजी उपाध्यक्षांवर ठेवीदारांच्या पैशांचा अपहार केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि आर्थिक गुन्हे शाखेने त्यांना अटक केली. दैनिकांत आतल्या पानावर आठ ओळी आल्या. त्या संध्याकाळी मला कार्यकारिणीतल्या चौघांचे फोन आले आणि चौघांचेही म्हणणे एकच होते. त्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “दिवाळीत घरातला केर कोणी दारात मांडते का जी? दुसऱ्या समाजाची मासिकं छापते का त्यांच्या लोकांच्या भानगडी? मग आपणच काऊन छापायचं?” मला हे पटले असे नाही, पण मी वादही घातला नाही. अंक छापखान्यात गेला होता, ही सबब हाताशी होती. त्या अंकाच्या सातव्या पानावर याच गृहस्थांची दीपावली शुभेच्छांची पाव पान जाहिरात होती, सप्टेंबरातच पैसे भरून ठेवलेली. अंक घरोघरी पोहोचला तेव्हा ते पोलीस कोठडीत होते आणि आमच्या सातव्या पानावर हात जोडून समाजबांधवांना सुख, शांती, समृद्धी चिंतीत होते.

दिवाळीनंतर आठवड्याभराने हनुमाननगरातून एक काकू घरी आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले. त्यांनी पिशवीतून आमच्या मासिकाचे दोन अंक काढून टीपॉयवर ठेवले. एक जुना होता, ज्याच्या मुखपृष्ठावर त्याच गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन केलेला सत्कार होता आणि आत ‘सहकाराचा विश्वासू दीपस्तंभ’ या शीर्षकाखाली दीड पानाचा परिचय होता. तो परिचय मीच लिहिला होता. दुसरा अंक दिवाळीचा, सातव्या पानाला कोपरा दुमडलेला. काकूंचा आवाज अजिबात चढला नाही. त्या म्हणाल्या, “मी हे वाचून साडेचार लाख ठेवले जी तिथं. पहिलं तुम्ही सांगितलं. दुसरं काऊन नाही सांगितलं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि खरे पाहता या लेखात जे काही म्हणायचे आहे ते सारे त्या दोन अंकांमध्येच आहे. आम्ही समजत होतो की बातमी न छापणे म्हणजे तटस्थ राहणे. पण ज्या माणसाची स्तुती आपल्याच पानांवर आधी छापून झालेली आहे, त्याच्याविषयी गप्प बसणे म्हणजे ती स्तुती अजूनही खरी आहे असे दर महिन्याला नव्याने सांगणे होय. म्हणून कोणत्या गुन्ह्याची बातमी द्यायची, याची माझी पहिली कसोटी गुन्हा किती मोठा आहे ही नाही. आपल्या मासिकाने, आपल्या व्यासपीठाने किंवा समाजाने दिलेल्या पदाने त्या माणसाला जो विश्वास मिळवून दिला, त्या विश्वासाच्या आधाराने गुन्हा घडल्याचा आरोप आहे काय, ही माझी कसोटी आहे. पतसंस्थेचा संचालक, समाजाच्या वसतिगृहाचा अधीक्षक, वधू-वर मेळाव्याचा संयोजक, शिष्यवृत्ती निधीचा कोषाध्यक्ष यांच्यावरचा आरोप ही समाजाची बातमी आहे. समाजातल्या कुणा तरुणाने गाडी भरधाव चालवून अपघात केला किंवा दोन भावांत शेताच्या धुऱ्यावरून मारामारी झाली, तर ती त्या कुटुंबाची आणि न्यायालयाची बाब आहे. ती छापून आम्ही कुणालाही सावध करीत नाही, फक्त चघळायला विषय देतो.

पतसंस्थेच्या बाबतीत ही कसोटी अधिकच कठोरपणे लागू होते. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमा संरक्षण नाही. तेथे पैसे ठेवणारा माणूस संचालक मंडळातल्या ओळखीच्या चेहऱ्यांवर विसंबतो आणि ते चेहरे त्याच्या ओळखीचे करून देण्याचे काम आमच्यासारखी मासिके वर्षानुवर्षे, तेही बहुधा फुकटात, करीत असतात. पुढे संस्था अडचणीत आली की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे, ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ मध्ये झालेला कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, ही सगळी वाट ठेवीदाराला एकट्याने तुडवावी लागते. कोणता अर्ज कुठे द्यायचा, पावतीची सत्यप्रत कुणाकडे जमा करायची, एवढी माहिती जरी आम्ही त्या दिवाळी अंकात दिली असती तरी काकूंचे दोन महिने वाचले असते. गुन्ह्याची बातमी म्हणजे केवळ आरोपीचे नाव, असे आपण धरून चालतो, आणि ज्याचे पैसे बुडाले तोही आपल्याच समाजाचा आहे हे नेमके तेव्हा विसरतो.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा पुढे आलेला पहिला शब्द ‘न्यायप्रविष्ट’ हा होता. हा शब्द आपल्याकडे झाकण म्हणून वापरला जातो. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ४ मध्ये न्यायालयीन कामकाजाचा निःपक्ष आणि अचूक वृत्तांत प्रसिद्ध करणे हा अवमान नाही असे स्पष्ट म्हटले आहे. बदनामीच्या बाबतीतही, पूर्वीच्या दंड संहितेतले कलम ४९९ असो की आता भारतीय न्याय संहितेतले कलम ३५६, लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि न्यायालयीन कामकाजाचा साधारणतः खरा वृत्तांत यांना अपवाद ठेवलेला आहे. अर्थात निकालाच्या आधी निकाल देणे, कबुलीजबाबाच्या अफवा छापणे, जामीन मिळू नये असे अग्रलेख लिहिणे यांपैकी काहीही या अपवादांत बसत नाही. आणि अंकाच्या शेवटी बारीक टायपात छापलेले ‘संपादक लेखकांच्या मतांशी सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य संपादकाला कोणत्याही खटल्यातून वाचवीत नाही, हे मला एका वकील मित्राने जिल्हा न्यायालयाच्या आवारात चहा पिता पिता समजावून सांगितले. तोवर मी त्या वाक्याला कवचकुंडले समजत होतो.

मग राहतो शब्दांचा प्रश्न, आणि येथे दैनिकांचे अनुकरण करून भागत नाही. ‘गुन्हा दाखल झाला’ आणि ‘गुन्हा सिद्ध झाला’ यांतले अंतर आमच्या वाचकांपैकी अनेकांना उमगत नाही, आणि जामीन मिळाला की सुटलाच, असा समज तर सार्वत्रिक आहे. या प्रकरणात जामीन मंजूर झाला त्या रात्री समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘सत्यमेव जयते’ आणि पुष्पगुच्छांचा असा वर्षाव झाला की जणू खटलाच निकाली निघाला. म्हणून आम्ही जी बातमी शेवटी जानेवारीच्या अंकात छापली, तिच्यात कोणत्या तारखेला, कोणत्या पोलीस ठाण्यात, कोणत्या कलमांखाली गुन्हा नोंदला गेला, प्रकरण आज कोणत्या टप्प्यावर आहे, त्या टप्प्याचा अर्थ काय आणि आरोपीचे म्हणणे काय, एवढेच होते. त्यांच्या घरी मी स्वतः गेलो. दार त्यांच्या मुलीने उघडले. ती बारावीला होती, आणि दोन वर्षांपूर्वी दहावीच्या गुणवंतांमध्ये तिचे छायाचित्र आम्ही छापले होते. त्यांनी आत बसवले, पाणी दिले आणि आरोप अमान्य असल्याचे तीन ओळींचे निवेदन स्वतःच्या हाताने लिहून दिले. ते निवेदन आम्ही एकही शब्द न बदलता छापले. ‘समाजबांधव’ हा शब्द मात्र बातमीत कुठेही येऊ दिला नाही. जातीचा उल्लेख करून एखाद्या समूहाला कमीपणा येईल असे लेखन टाळावे, असे प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि आमची अडचण अशी की आमच्या मुखपृष्ठावरच समाजाचे नाव ठळक असते. त्यामुळे आत तरी पद लिहावे, संस्था लिहावी, आडनावाच्या मागे समाज लावू नये.

याच अंकात शेजारच्या चौकटीत मी जुन्या सत्काराचा उल्लेख करून लिहिले की तो परिचय आम्ही संस्थेची कागदपत्रे न पाहता, केवळ आयोजकांनी दिलेल्या माहितीवरून छापला होता. कार्यकारिणीला बातमीपेक्षा ही चौकटच अधिक झोंबली.

सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो पैशांच्या गुन्ह्यांत नसतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई केली आहे. पूर्वी हेच कलम २२८-अ होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले की केवळ नाव लपवून पुरत नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील देता कामा नये. पीडित बालक असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर अशी यादीच देते. आणि विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्या अल्पवयीनाचीही, ओळख २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे देता येत नाही. हे सगळे दैनिकांनाही लागू आहे. फरक असा की दैनिकाने ‘नंदनवन परिसरातील एक ३२ वर्षीय विवाहिता’ असे लिहिले तर शहराला काहीच कळत नाही. आम्ही ‘वर्धा जिल्ह्यात माहेर असलेली’ एवढे जरी लिहिले, तरी आमच्या वाचकांपैकी निम्मी घरे दुपारच्या चहापर्यंत तिच्या आजोळापर्यंत जाऊन पोहोचतील, कारण या मासिकाच्या वाचकाला कूळ, गाव आणि सोयरीक जुळवण्याची सवयच वधू-वरांच्या पानांनी लावलेली आहे. जो तपशील मोठ्या वर्तुळात निरुपद्रवी असतो तो लहान वर्तुळात थेट बोट दाखवतो. आरोपी जर नात्यातलाच असेल तर त्याचे नाव छापणे म्हणजे तिचेच नाव छापणे होय, आणि तेव्हा, आपण आरोपीला पाठीशी घालतो आहोत असा आळ येत असला तरी, नाव न छापणेच योग्य. त्या आळाचे स्पष्टीकरणही देता येत नाही, कारण स्पष्टीकरण हाच तपशील ठरतो. संपादकाने तो आळ मुकाट्याने सोसावा.

बातमी छापून आल्यावर दुसऱ्या टोकाची पत्रेही आली. एका सभासदाने लिहिले की त्या कुटुंबाला समाजाच्या कार्यक्रमांत येऊ देऊ नये, त्यांच्या घरी कुणी सोयरीक करू नये, असा ठराव मासिकातून जाहीर करावा. अशा पत्राची जागा कचरापेटीत आहे, आणि तेही केवळ सभ्यता म्हणून नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये विशेष कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला, आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. काल ज्यांना ‘घरातला केर’ दारात नको होता, त्यांतलेच काही जण आज घरातली माणसेच दारात काढायला निघाले होते. बारावीतल्या त्या मुलीचा मार्चमधल्या परीक्षेचा निकाल मेमध्ये लागला आणि जूनच्या अंकात गुणवंतांच्या पानावर तिचे नाव नेहमीसारखे आले. त्याबद्दल मला कुणी फोन केला नाही, हे मला आमच्या वाचकांच्या बाजूने नोंदवावेसे वाटते.

‘बाहेरचे आपल्याला नावे ठेवतील’ या भीतीला मी सरसकट हसत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा रद्द झाला त्या ३१ ऑगस्ट १९५२ नंतरही ज्यांच्या पालांवर पोलीस आधी पोहोचतात, त्या विमुक्त समाजांच्या पत्राने आपल्या माणसावरच्या आरोपाची बातमी देताना दहा वेळा विचार करावा, हे मला मान्य आहे. कारण तेथे आरोपच अनेकदा ओळखीवरून होतो. मुळात अशी पत्रे निघालीच ती इतरांनी न छापलेले छापण्यासाठी. याच नागपुरात दलित चळवळीतले किसन फागूजी बनसोडे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी पत्रे चालवली ती समाजाचे कौतुक छापायला नव्हे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हाही तिचे खरे स्वरूप मोठ्या दैनिकांच्या आधी कार्यकर्त्यांनी आणि चळवळीतल्या छोट्या पत्रांनी लोकांपुढे ठेवले. आमचा समाज मात्र ना पालावर राहतो ना त्याच्यामागे पोलीस फिरतात. आमच्याकडे मंगल कार्यालये आहेत, पतसंस्था आहे, दोन वसतिगृहे आहेत. आम्ही त्या भीतीचा आव आणणे म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचे प्रमाणपत्र आपल्या नावावर वापरणे होय.

गप्प बसण्याने आरोपीचेही भले होत नाही, हे मला फार आधी कळायला हवे होते. सात-आठ वर्षांपूर्वी समाजातल्या एका तरुण अभियंत्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला होता. तो त्या वेळी आमच्या युवक मंडळाचा सचिव होता. दैनिकांनी छापले, आम्ही पाळलेले मौन त्याच्यावरचा उपकार मानले. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले तेव्हा त्याचे वडील निकालाची प्रमाणित प्रत घेऊन आले आणि म्हणाले, हे छापा. मी प्रत चाळत राहिलो. आरोपाची बातमी आम्ही दिलीच नव्हती, त्यामुळे सुटकेची बातमी देणे म्हणजे ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही आरोप कळवणे झाले असते. ते छापता आले नाही. पुढे त्याच्या लग्नाच्या बोलणीत दर वेळी कुणीतरी आडून चौकशी करी, आणि त्या चौकशीला दाखवायला समाजाच्या मासिकातली एक ओळही त्या कुटुंबाकडे नव्हती. आता आमचा नियम असा आहे की ज्याच्यावरील आरोपाची बातमी दिली त्याच्या खटल्याचा प्रत्येक टप्पा द्यायचा, आणि तो सुटला तर त्याच पानावर, त्याच आकाराच्या मथळ्याने द्यायचे. अंकाची पीडीएफ प्रत आता मोबाइलमधून कुठेही जाते आणि परत बोलावता येत नाही, म्हणून संकेतस्थळावरच्या जुन्या अंकात त्या बातमीखाली निकालाची ओळ जोडायची, हेही ठरवले आहे.

वधू-वरांच्या पानांचे कोडे अजून सुटलेले नाही. ‘निर्दोष घटस्फोटित’ हे दोन शब्द आमच्या फॉर्मवर वर्षानुवर्षे आहेत. दोष कुणाचा आणि ठरवला कुणी, हे आम्ही कधीच विचारले नाही. पत्नीच्या छळाचा खटला चालू असलेल्या एका माणसाचा परिचय याच दोन शब्दांसह आमच्या पानावर आल्याचे मला नंतर कळले. आम्ही तूर्त ‘निर्दोष’ हा शब्द फॉर्मवरून काढला आहे आणि ‘कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे काय’ असा रकाना घातला आहे. पाच जणांनी तो रिकामा सोडून फॉर्म पाठवले. त्यांचे परिचय थांबवून ठेवले आहेत, त्यावरून दोन पालकांनी आजीव सभासदत्व परत मागितले आहे, आणि पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर आहे.

पतसंस्थेच्या खटल्यासाठी पान नऊवर तळाशी दोन इंचांची जागा राखून ठेवलेली असते. काकू प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला, अंक पोस्टाने हाती पडला की, फोन करून विचारतात, “या वेळी काही आहे का जी?” या महिन्यात सुनावणीची तारीख पुढे गेली, तेव्हा तेवढीच एक ओळ तिथे आहे, आणि पुढच्या तारखेचा आकडा मी ठळक टायपात घेतला आहे, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.